राजेपण कोण देते?

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी 1955 साली झाला. पुढच्याच वर्षी त्याच सोव्हिएत संघात वासिली शुल्गिन व्लादिमीरच्या तुरुंगातून सुटले. झारशाहीचे कट्टर समर्थक असलेल्या या आठवणीकाराने मार्च 1917 मध्ये राजकारणी गुच्कोव्ह यांच्यासह प्स्कोव्हला जाऊन निकोलस दुसऱ्याचा राजत्याग स्वीकारला होता. राजा बाजूला झाला तर सिंहासन वाचेल, ही त्यांची आशा फोल ठरली. भिलाईच्या दक्षिणेला बस्तरमध्ये मात्र 1948 साली संस्थान विलीन होऊन सिंहासन गेले आणि राजा उरला. हे राजे म्हणजे प्रवीरचंद्र भंजदेव. त्यांनीही आपली बाजू मांडणारे आत्मकथन लिहिले आणि त्याच्या शीर्षकातच स्वतःला आदिवासींचा देव म्हटले.

राजेपण सरकारी मान्यतेवर टिकते, असे शासनाने धरले. 1961 मध्ये प्रवीरचंद्रांना स्थानबद्ध करून मान्यता त्यांच्या भावाला दिली. त्याच्या निषेधार्थ 31 मार्चला लोहंडीगुड्यात जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तरीही 1962 च्या निवडणुकीत बस्तरने बहुतेक जागा राजांच्या उमेदवारांनाच दिल्या. त्यांचे राजेपण दंतेश्वरी देवीच्या पूजेतून आणि दसऱ्यातून आलेले होते. ते हुकूम काढून हिरावून घेता येणारे नव्हते.

ही निव्वळ अंधश्रद्धा होती, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. 1910 च्या भूमकालात याच आदिवासींनी राखीव जंगले आणि वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हा गादीवर प्रवीरचंद्रांचेच आजोबा होते. म्हणजे राजा आहे म्हणून सारे सोसायचे, असा त्यांचा स्वभाव नव्हता. जंगल, जमीन आणि पुढे धान्याची लेव्ही यांबद्दलची तक्रार ऐकणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून ते राजवाड्याकडे वळले. प्रवीरचंद्रांनी या भक्तीचा राजकारणासाठी वापर केला, हे खरेच. स्वतःला देव म्हणवणारा नेता लोकशाहीला पेलत नाही. पण 1957 मध्ये ते काँग्रेसचेच आमदार होते आणि त्यांचे अनुयायी मतपेटीतूनच बोलले होते. त्या मताला उत्तर देण्याची जबाबदारी प्रजासत्ताकाची होती. 25 मार्च 1966 रोजी जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात प्रवीरचंद्र मारले गेले.

शुल्गिन यांच्या राजनिष्ठेमागे ड्यूमातले, म्हणजे रशियन संसदेतले, जमीनदार होते. प्रवीरचंद्रांच्या मागे ज्यांच्या नावाने योजना आखल्या जात तीच माणसे होती. दल्ली-राजहराच्या खाणींतले लोहखनिज सरत आल्याने भिलाईची नजर आता जुन्या बस्तरातल्या रावघाटावर आहे. तिथे ना राजा आहे, ना दरबार. आहे ती ग्रामसभा, आणि तिचा नकार ऐकायला शासन तयार आहे का, हा प्रश्न 1961 मधल्याइतकाच अनुत्तरित आहे.