दूत, भिंत आणि आंतरिक स्वातंत्र्य

संकटात धावून आलेल्या माणसाला मराठीत सहजपणे 'देवदूत' म्हटले जाते. वारकरी परंपरेच्या कल्पनाविश्वात मात्र देवदूत ही स्वतंत्र कोटी जवळजवळ आढळत नाही. देव आणि माणूस यांच्यामध्ये तेथे पंखधारी मध्यस्थ उभा नसतो. प्रसंग पडला तर देवच दूत होतो. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. महिपतीच्या 'भक्तविजया'तही ती आली आहे. बिदरच्या बादशहाच्या चाकरीत असलेले दामाजी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उपाशी लोकांसाठी खुली करतात. त्यांना कैद करून बिदरकडे नेले जात असता विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात जातो, धान्याचे मोल भरतो आणि पावती घेतो.

ही कथा सामान्यतः सुटकेचा चमत्कार म्हणून वाचली जाते. परंतु स्वातंत्र्याच्या दृष्टीने तिच्यातील निर्णायक क्षण पावतीचा नाही, कोठार उघडण्याचा आहे. परिणाम ठाऊक असताना दामाजी कुलूप काढतात, तेव्हाच ते चाकरीच्या भयातून मुक्त झालेले असतात. बेड्या नंतर येतात आणि दूत त्याहूनही नंतर येतो. म्हणजे दूत स्वातंत्र्य देत नाही. आधीच घडलेल्या स्वातंत्र्यावर तो जगाच्या दरबारात शिक्कामोर्तब करतो.

येथे रिल्केच्या देवदूताशी तुलना उद्बोधक ठरते. 'दुइनो विलापिका' (१९२३) या काव्यातील देवदूत ख्रिस्ती धर्मकल्पनेतील नव्हे, असे रिल्केने १९२५ मधील एका पत्रात स्पष्ट केले होते. दृश्याचे अदृश्यात रूपांतर ज्याच्या ठायी पूर्ण झाले आहे, अशी ती सत्ता आहे. मानवी जाणिवेने जगाला आत घ्यावे, हे त्या रूपांतराचे सूत्र. विठू महाराची दिशा नेमकी उलट आहे. अंतःकरणातील अदृश्य करुणा येथे पैशाच्या थैलीत, हिशेबात आणि पावतीत दृश्य होते. जाणीव आत वळून थांबत नाही. ती बाहेर येऊन देणे फेडते.

हा दिशाभेद नैतिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. आंतरिक स्वातंत्र्याच्या कल्पनेवर आयझाया बर्लिनने १९५८ च्या व्याख्यानात घेतलेला आक्षेप असा की, जे मिळू शकत नाही त्याची इच्छाच सोडून देणे म्हणजे अंतर्मनाच्या किल्ल्यात माघार घेणे होय. इच्छा छाटून मिळवलेली निश्चिंतता ही मुक्ती ठरत नाही. गुलाम असलेल्या एपिक्टीटसचे तत्त्वज्ञान कितीही उदात्त असले, तरी त्याने गुलामगिरीचा पाया हलत नाही. दामाजींना हा आक्षेप लागू पडत नाही, कारण त्यांचे स्वातंत्र्य इतरांसाठी दार उघडण्यातच प्रकट होते.

परंतु त्याच मंगळवेढ्यात हा आक्षेप अधिक टोकदार होऊन परत येतो. दामाजींच्या आधी, परंपरेनुसार १३३८ मध्ये, याच गावी भिंतीच्या बांधकामावर असताना ती कोसळून चोखामेळ्याचा अंत झाला. बंदिवास केवळ आत कोंडण्याने होत नाही, बाहेर ठेवण्यानेही होतो. ज्या व्यवस्थेने चोखोबांना गावकुसाबाहेर आणि मंदिराबाहेर ठेवले, तिचीच भिंत बांधताना ते गेले. त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी अखंड सान्निध्य आहे, तशीच बाहेर ठेवले गेल्याची वेदनाही आहे. त्यांचा पुत्र कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो. ही तक्रार भक्तीतील उणीव नव्हे. आंतरिक स्वातंत्र्याने बाहेरची इच्छा छाटली नाही, याची ती साक्ष आहे.

या पार्श्वभूमीवर विठू महाराचे रूप पुन्हा पाहावे लागते. निरोप पोहोचवणे आणि सरकारी वसूल वाहून नेणे ही ग्रामव्यवस्थेत महारांकडे असलेली कामे होती. दूत होणे हे त्यांचे नेमून दिलेले काम असल्यामुळे देवाने घेतलेले रूप कथेच्या तर्कात अचूक बसते. पण कथेची मर्यादाही येथेच आहे. अधिकारी सुटतो, देव अंतर्धान पावतो. ज्याचे रूप देवाने घेतले तो माणूस मात्र दाराबाहेरच राहतो. देवाला महार होता आले, महाराला देवापुढे उभे राहता आले नाही. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. ते दार अस्पृश्य मानलेल्यांना खुले होण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांनी जात मोडली नाही अशी टीका करणाऱ्या विचारवंताने केलेली ही अर्पणपत्रिका आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आंतरिक स्वातंत्र्य खोटे नाही. पण ते पुरेसेही नाही. बंदिवानाने स्वतः ते अनुभवले तर ते त्याचे सामर्थ्य असते. भिंत बांधणाऱ्याने त्याची महती गायिली की ते भिंतीचेच समर्थन होते. म्हणून त्याची कसोटी आतल्या शांतीत शोधता येत नाही. कोठाराचे कुलूप कोणी काढले आणि दूत परत गेल्यावर दाराबाहेर कोण उरले, या दोन प्रश्नांशी ती बांधलेली आहे. मंगळवेढ्याची परंपरा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसरा प्रश्न वाचकाच्या हाती ठेवते.