देवाला वाहायची जास्वंद

शंका : आम्ही शिरूरचे. चतुर्थीला रांजणगावी महागणपतीच्या दर्शनाला जातो. घरी जास्वंद आहे, पण पिवळी. ती गणपतीला चालते का?

समाधान : चालते. अथर्वशीर्षात गणपती रक्तवर्णाचा, लाल चंदनाची उटी लावलेला आणि लाल फुलांनी पूजलेला असा सांगितला आहे. जास्वंदीचं नाव मात्र त्यात नाही. नाव घेऊन आल्या आहेत त्या दूर्वा. लाल फुलं असतील तर जरूर वाहा, नसतील तर पिवळीसोबत दूर्वांची जुडी ठेवा. फूल त्याच सकाळचं असावं, एवढं पाहा. साधी जास्वंद संध्याकाळपर्यंत मिटते.

शंका : मी दौंडचा. पहाटे फिरायला जातो तेव्हा लोकांच्या कुंपणाबाहेर आलेल्या फांद्यांची जास्वंद तोडून आणतो. सगळी देवालाच वाहतो. सून म्हणते, ही चोरी आहे. देवासाठी घेतलेल्या फुलाला दोष लागतो का?

समाधान : तुमच्या बाजूने एक जुना आधार आहे, तो आधी सांगतो. गाईसाठी गवत, अग्नीसाठी सरपण आणि वेलीझाडांची फुलं आपलीच समजून घ्यावीत, असं गौतम धर्मसूत्र म्हणतं. फळं मात्र कुंपण नसलेल्या झाडांचीच. हा आधार घेऊन फुलं खुडणारे पुष्कळ आहेत. पण दौंडसारख्या कमी पावसाच्या गावात उन्हाळाभर कुणीतरी बादलीने पाणी घालून ते झाड जगवलेलं असतं. त्या घरीही देव आहेत, आणि सकाळी त्या माउलीला फांदी रिकामी दिसते. तिचा हिरमोड करून वाहिलेलं फूल मला तरी पूजेचं वाटत नाही. सूनबाईंचं बरोबर आहे.

आजच त्या घरी जा आणि विचारा. बहुतेक जण आनंदाने दोन फुलं देतील. त्याहून बरं म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी पेन्सिलीएवढी जाड फांदी मागून आणा, खालची पानं काढा, ओलसर मातीत सावलीला लावा. आपल्याकडे लाल जास्वंद बियांवर नाही, फांदीवरच वाढवतात. स्वतः पाणी घातलेल्या झाडाचं एकच फूल घेऊन भीमा ओलांडा आणि सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाला वाहा.

शंका : पाळीत मुलीने जास्वंदीला हात लावला म्हणून कळ्या गळल्या, असं सासूबाई म्हणतात. मुलगी रडते आहे.

समाधान : तिला आधी जवळ घ्या. तिच्या हाताने काहीही झालेलं नाही. पाण्याची ओढ बसली, मुळाशी पाणी साचलं किंवा पांढरा पिठ्या ढेकूण पडला की जास्वंदीच्या कळ्या गळतात. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे ठिपके शोधा, दिसले तर साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन काढा. पाळीत पूजा करावी की नाही, हे ज्या त्या घराने ठरवावं. झाडाला पाणी घालायला मात्र तिला कुणी अडवू नये. सासूबाईंना ते ठिपके तिनेच दाखवावेत.