जूनची मनीऑर्डर

चि. लेकीस,


तुझं पत्र पोचलं. अफगाणिस्तानातल्या कुनारच्या भूकंपाची चित्रं बघून तुम्हा मुलींना रात्रभर झोप आली नाही, आणि वसतिगृहात वर्गणी काढायचं ठरलंय, हे वाचून बरं वाटलं. पैसे कुठे आणि कशासाठी द्यावेत, असं तू मला विचारलंस. मी काही मोठी जाणकार नाही, पण घेणाऱ्यांच्या बाजूला उभी राहिलेली बाई आहे. तिथून जे दिसलं ते सांगते.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसांनी उशिरा अंथरुणाला पाठ टेकली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी ही नावं तू ऐकून आहेस. सुमारे आठ हजार माणसं गेली आणि 52 गावं पुन्हा नव्या जागी वसवावी लागली. त्यातलंच एक तेरणाकाठचं गाव तुझ्या आजीचं, माझ्या थोरल्या बहिणीचं. ती त्या पहाटे गेली. तुझी आई वाचली. तेव्हा ती बारा वर्षांची होती, सातवीत. तिच्या पाठचा भाऊ पाच वर्षांचा.

माणसं भूकंपानं मेली असं सगळे म्हणतात. ती घरानं मेली. आमच्याकडची भिंत दोन-अडीच फूट रुंद असायची, बाहेरून भक्कम दिसायची. पण ती खरं म्हणजे दोन पातळ भिंतींची जोडी; मध्ये खडी नि माती कोंबलेली, आणि दोन्ही अंगांना बांधून धरणारा आरपार दगड कुठेच नाही. वर माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर चढायचा, जुना कुणी काढत नसे. आज्या-पणज्यांपासूनची ती माती एका झटक्यात अंगावर आली. तुमच्या त्या कुनारच्या डोंगरातही दगडमातीचीच घरं होती, आणि वेळही रात्रीचीच.

नंतरच्या आठवड्यांत मदत एवढी आली की औसा-उमरगा वाटेवर ट्रकांना जागा पुरेना. देणाऱ्यांचा हात मोठा होता, त्यांना मी कधी नावं ठेवणार नाही. पण नऊवारी नेसणाऱ्या बायकांपुढे विजारींचे नि फ्रॉकांचे ढीग पडले होते, ते पावसात भिजले आणि शेवटी त्यांची पायपुसणी झाली. वर्ष फिरलं तसे ट्रक थांबले. माणसं अजून पत्र्याच्या शेडमध्येच होती. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली दुपारी बसून बघितलेलं आहे मी.

तुझ्या आईची खरी अडचण तेव्हा सुरू झाली. गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी एसटीनं जायला हवं. घरात बाई नाही, धाकटा भाऊ लहान, वडील दिवसभर जुन्या गावाजवळच्या शेतात. नात्यातल्या दोघा-तिघांनी स्थळं आणायलाही सुरुवात केली होती. तेरा वर्षांच्या पोरीला! दुष्टपणानं नव्हे, आई नसलेल्या पोरीला लवकर उजवली की जबाबदारी संपली, असं त्यांना मनापासून वाटायचं. भूकंपानं किती मुलींची शाळा अशी सुटली, त्याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात झाली नाही.

त्या उन्हाळ्यात मुंबईहून पाच-सहा बायका आल्या. पहिल्या वेळी त्यांनी ब्लँकेटं वाटली होती. या वेळी हात रिकामे ठेवून आल्या आणि शेडमध्ये बसून विचारलं, आता काय हवंय? मी म्हटलं, या पोरीचा एसटीचा पास. त्यांनी तिथल्या तिथे वही काढून लिहून घेतलं. जून 1994 मध्ये पहिली मनीऑर्डर आली.

पण नुसत्या पासानं भागलं नाही, आणि हे तू नीट लक्षात घे. गाडी सकाळी साडेनऊची, आणि पाण्याचा टँकर यायचा दहाला. पाणी भरलं नाही तर रात्रीचा स्वयंपाक कशानं करायचा? पहिल्या महिन्यात तुझी आई पंधरा दिवससुद्धा शाळेत गेली नसेल. पासाचे पैसे भरलेले, आणि पोरगी हंडा घेऊन रांगेत. मग शेजारच्या शेडांतल्या बायका एकत्र झाल्या. दहा-बारा जणी जाऊन सरपंचांसमोर बसल्या आणि टँकर सहाला आणवला. धाकट्याला मी माझ्या घरी आणलं. मुंबईच्या बायकांनी पैसे दिले, या बायकांनी सकाळ मोकळी करून दिली. दोन्ही मिळालं तेव्हा ती आठवीच्या वर्गात बसली.

त्याच सुमारास माझंही पुस्तक पुन्हा उघडलं. आमचं गाव पडलं नव्हतं, पण घरोघरी भिंतींना तडे होते. अशा घरांच्या दुरुस्तीसाठी जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारनं मोठं काम काढलं होतं. पैसे हप्त्याहप्त्यानं मिळणार, आणि काम नीट झालं तरच पुढचा हप्ता. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगानं हजाराहून अधिक गावांत बायकांनाच ‘संवाद सहाय्यक’ म्हणून उभं केलं. लिहिता-वाचता येणारी बाई हवी होती. माझी सातवी झालेली, म्हणून मला घेतलं.

पहिल्या दिवशी हातात टेप दिली तेव्हा ती कुठून धरायची हे कळेना. सहा महिन्यांत मी भिंतीवर थाप मारून आत पोकळ आहे का सांगू लागले. भिंतीला भोक पाडून सळई घालून काँक्रीटचा आरपार दगड कसा ओततात, कोपरे कसे बांधतात, माळवदावरची माती किती उतरवायची, हे मी घरोघरच्या बायकांना दाखवत फिरले. एका कचेरीतल्या साहेबांनी माझ्या हातातला फॉर्म बघून, घरातल्या पुरुषाला पाठवा, असं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मी चौदा जणींना घेऊन गेले. चौदांपैकी नऊ जणींनी तिथेच सह्या केल्या, उरलेल्या पाच जणींनी अंगठे उठवले, आणि त्या पाच जणी परतीच्या वाटेवर मला म्हणाल्या, आम्हालाही नाव लिहायला शिकव. देवळाच्या ओट्यावर रात्री कंदील ठेवून आम्ही बसू लागलो. त्याच ओट्यावर पुढे बचत गट झाला. 2001 मध्ये कच्छ हादरलं तेव्हा आमच्याकडच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला नि काम सांगायला गेल्या. प्रेमाताई 2022 मध्ये गेल्या, तेव्हा आमच्या भागात किती चुली त्या संध्याकाळी उशिरा पेटल्या असतील!

बाहेरून परीक्षा देण्यासाठी मी सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि मार्च 1997 मध्ये दहावीला बसले. तुझी आईही त्याच वर्षी. रात्री एकाच कंदिलाखाली ती मला भूमिती समजावून सांगायची. तिला माझ्यापेक्षा वीस टक्के जास्त पडले आणि माझ्यासाठी पेढे तिनंच आणले.

अनाथ झालेल्या मुलांसाठी त्या काळात पुष्कळांनी मोठी कामं केली. भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं पुण्याला नेऊन शिकवली. नळदुर्गला ‘आपलं घर’ उभं राहिलं, हराळीला ज्ञानप्रबोधिनीची शाळा. यांच्यात मला एकच गोष्ट सारखी दिसते. ही माणसं दुसऱ्या वर्षीही तिथेच होती, दहाव्याही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आत्ताचे पैसे जे आधीपासून कुनारकडे काम करताहेत त्यांनाच द्या. कपडे गोळा करू नका. आणि अफगाणिस्तानचं मला सर्वांत जास्त काय टोचतं, सांगू? तिथे 2021 पासून मुलींना सहावीच्या पुढची शाळा बंद आहे, आता दाई-नर्सचं शिक्षणही बंद केलंय. ढिगाऱ्यातून निघालेल्या बाईला हात लावायला बाईच हवी असा दंडक, आणि बाईला शिकू द्यायचं नाही. तुझी आई आज आरोग्य केंद्रात रात्रपाळी करते. ती आठवीला गेली नसती तर तिथल्या खाटेशी कोण उभं राहिलं असतं, याचा विचार मी बातम्या बघताना करत होते.

तुम्ही ठरवलेली दरमहा दीडशेची वर्गणी चालू ठेवा, पण तिच्यातला अर्धा भाग जवळच्या एका मुलीसाठी बाजूला काढा. तिच्या घरी टँकर किती वाजता येतो, हेही विचारा.

दिवाळीला आलीस की माझ्या ट्रंकेतला पत्र्याचा डबा उघडून देते. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली निरोपापुरती पट्टी असायची, ती टपालवाला फाडून हातात द्यायचा. तशा नऊ पट्ट्या आहेत, 1994 पासून 2002 पर्यंत, दर जूनची एक. पहिलीवर ‘पासासाठी’ एवढंच आहे. शेवटची तुझ्या आईच्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची. तिच्यावर शाई पसरलीय, पण वाचता येते. येण्याआधी खोलीतल्या मुलींना एकेकीला विचारून ठेव, पुढच्या जूनमध्ये कोण कोण आहे.

तुझी,
मावशीआजी