देखाव्याचं देणं

सुंदर देखावा नुसता पाहावा की त्याचा हिशेबही मागावा, हा प्रश्न अर्जुनाला पडला नाही. मला पडला, कारण अर्जुनाला आमचे शेजारी अण्णा भेटले नव्हते. चांद्याला आमच्या सोसायटीत घरटी एक मुलगा अमेरिकेत. ज्यांचा नाही, त्यांचा जावई. अण्णा मुलाकडे जाऊन अलास्का पाहून आले आणि तेव्हापासून बर्फाखेरीज बोलत नाहीत.

अँकरेजहून मोटारीनं सुमारे ऐंशी किलोमीटर जायचं. एकीकडे डोंगर, दुसरीकडे खाडी. पुढं पोर्टेज सरोवर. तिथं 1986 साली सरकारनं एक इमारत उघडली, पाहुण्यांनी काचेआड उबेत उभं राहून हिमनदी पाहावी म्हणून. पण हिमनदी वितळत वितळत इतकी मागं सरली, की काचेतून दिसेनाशी झाली. वसुलीवाला पुढच्या दारी बसावा आणि कर्जदारानं परसदारानं पसार व्हावं, तसं! आता बोटीचं तिकीट काढून तिच्या मागं जावं लागतं.

"आणि बर्फाचा कडा धाडकन् कोसळला ना, की बोटीवर सगळे टाळ्या वाजवतात!"

"कशाबद्दल?"

अण्णा घुटमळले. "पैसे वसूल झाले म्हणून असेल."

उत्तर प्रामाणिक होतं. विमानांच्या नि मोटारींच्या धुरानं बर्फ वितळायला हातभार लावायचा आणि ते वितळणं बघायला पुन्हा विमानानंच जायचं! यावर हसणं सोपं आहे. पण पौड ओलांडून ताम्हिणीकडे निघालं, की आपल्यालाही मुळशीचं पाणी लागतं. आपण गाडी थांबवतो, 'अहाहा' म्हणतो, डबे उघडतो.

हे सरोवर देवाचं नव्हे, टाटांचं. त्याखाली आंबेमोहोराची खाचरं होती, गावं होती, देवळं होती. 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट इथंच 'सेनापती' झाले, तुरुंगात गेले. धरण झालंच. भिऱ्याचं वीजघर 1927 साली सुरू झालं. पाणी कोकणात उतरलं, वीज मुंबईला गेली. पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गुंतलेल्या होत्या आणि त्या मंडळींना अखेर मोबदल्याचा आकडा पटला. म्हणजे आम्हा बँकवाल्यांचे पूर्वजच की हे!

आता माझ्या 'अहाहा'चं काय करायचं? वारसाला इस्टेटीबरोबर कर्जही येतं, पण मिळालेल्या इस्टेटीपुरतंच, हा कायदा मला पाठ आहे. वीज मुंबईकरांच्या खात्यावर टाकू. माझ्या वाट्याला आला नुसता देखावा. तेव्हा देणंही तेवढ्यापुरतंच. पाहावं जरूर, मात्र खाली काय आहे ते ठाऊक असताना पाहावं. टाळी वाजवू नये.

"ठाऊक असलं की मजा जाते हो," अण्णा म्हणाले.

माझी काही गेली नाही. पाणी जरा अधिक खोल दिसलं, एवढंच.

रस्त्याकडेला एक बाई कणसं भाजत होत्या. अण्णांनी त्यांना गाव विचारलं. त्यांनी चिमट्यानं पाण्याकडे दाखवलं. "आजेसासऱ्यांचं तिकडं खाली होतं. आमी आता वर हाये." मग अण्णांच्या हातातला कॅमेरा बघून म्हणाल्या, "हितनं नका काढू, दादा, मधी खांब येतोय. त्या वळणावर जावा. तिथनं समदं पाणी दिसतं."