उतारवयात हाती घेतलेले वाद्य



गेल्या पौर्णिमेला मठात शिवानुभवगोष्टी आटोपली, प्रसाद झाला आणि मंडळी पांगू लागली. तेव्हा एक निवृत्त शिक्षक मागे थांबले. तरुणपणी ते गावच्या भजनी मंडळात तबला वाजवीत. पुढे नोकरी, मुलांची शिक्षणे, घराचे बांधकाम यांत तबला माळ्यावर गेला तो गेलाच. आता वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना पेटी शिकावीशी वाटते. ते हळू आवाजात म्हणाले, "आप्पाजी, घरात मुले हसतात. म्हणतात, आता जपमाळ हातात घ्यायचे वय. मलाही कधीकधी वाटते, हा मोहच तर नव्हे?"

मी त्यांना तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. पुढच्या अंकात लिहीन, एवढेच म्हणालो. त्याला कारण आहे. हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता. तेव्हा मी तत्काळ उत्तर दिले होते आणि ते चुकले होते.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दर सोमवारी दर्शनाला येणाऱ्या एका आजींनी विचारले, "आप्पाजी, मी पेटी शिकू का?" त्यांचे यजमान लिंगैक्य होऊन वर्ष उलटले होते. माहेरी लहानपणी त्यांनी पेटीवर बोटे फिरवली होती, सासरी आल्यावर ते सुटले. मी म्हणालो, "आजी, आता पेटी कशाला? उरलेले दिवस षडक्षरी मंत्राचा जप करा." आजींनी वाकून नमस्कार केला आणि त्या गेल्या. मला माझे उत्तर शास्त्राला धरून आहे असे वाटले. त्या दिवशी मी निर्धास्त झोपलो.

आता माझे स्वतःचे सांगतो. पट्टाधिकार होण्यापूर्वी, म्हणजे पोरवयात, मीही पेटी वाजवीत असे. शिवरात्रीच्या जागराला मन्मथस्वामींची पदे चालत, टाळ घुमत आणि मी साथीला बसे. आमच्या सीमाभागात रेडिओवर धारवाड आणि सांगली अशी दोन्ही केंद्रे लागत. धारवाड केंद्रावरून पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांनी गायिलेली वचने ऐकू येत. कन्नड शब्द अर्धे कळत, पण सूर पूर्ण कळे. ऐकलेले दुसऱ्या दिवशी पेटीवर काढण्याचा नाद होता. लोक म्हणत, पोराच्या बोटांत काय वेग आहे! आज प्रामाणिकपणे आठवू गेलो तर दिसते ते असे, की मी वाजवीत असताना माझे डोळे पदाकडे नसत. किती माना डोलतात याकडे असत.

म्हणून तारुण्यातील संगीत व्यर्थ होते काय? तसे मी म्हणणार नाही. त्या वयात कानात पडलेला षड्ज आयुष्यभर कानातच राहतो. पेरणी हौसेची असली तरी बी खोटे नसते. मात्र पट्टाधिकार झाल्यावर पेटी बंद झाली. मला कोणी मना केले नाही. पीठावर बसलेल्याने चुकीचा सूर वाजवलेला शोभणार नाही, असे मीच ठरविले.

तीन वर्षांपूर्वी मठातील जुना तंबोरा दुरुस्तीसाठी मिरजेला न्यावा लागला. सतारमेकर गल्लीचे नाव आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी तेथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. शिकलगारांचा पिढीजात धंदा हत्यारांना धार देण्याचा. राज्ये गेली, हत्यारांची मागणी आटली, आणि ज्या हातांनी तलवारी लखलखीत केल्या त्याच हातांनी भोपळा आणि लाकूड जवळ केले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते या बदललेल्या हातांचे फळ होय.

त्या कारखान्यात आढ्याला भोपळे टांगलेले होते. हे खाण्याचे भोपळे नव्हेत, कडू भोपळे. पंढरपूर-मंगळवेढा भागातून ते येतात. आपले महात्मा बसवेश्वर कल्याणला जाण्यापूर्वी मंगळवेढ्यास होते, हे आपण जाणताच. मी कारागिरांना विचारले, "ओला भोपळा चालत नाही काय?" ते हसून म्हणाले, "महाराज, ओल्यातून नाद निघत नाही. वाळला पाहिजे, आणि आतला गर, बिया सगळं काढलं पाहिजे. थोडा जरी राहिला तरी आवाज दबतो."

तंबोऱ्याबरोबर मी एक लहान सतारही घेऊन परतलो. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी शिकवणी सुरू झाली. बोटांची टोके तारेने कापली, नखी बोटात रुतली, मांडी घालून बसण्याची सवय असूनही गुडघे बोलू लागले. पण हे दुःख खरे नव्हते. खरे दुःख निराळेच होते. सरावाला बसताना मी खोलीचे दार लावून घेत असे. शिष्यांनी ऐकू नये, सेवेकऱ्यांनी ऐकू नये. ज्याच्या पायाशी लोक बसतात त्याचा सा-रे-ग अडखळतो, हे कोणाला कळू नये. एके दिवशी कडी सरकवताना कारागिराचे शब्द आठवले. वय वाळले होते, गर आतच होता. आणि आजींना मी नको म्हणालो ते त्यांच्या भल्यासाठी की मठाची पायरी चढणाऱ्या म्हातारीने पोरासारखी सा-रे-ग-म म्हणणे मलाच चमत्कारिक वाटले म्हणून, हा प्रश्न त्या दिवशी प्रथम समोर आला.

आता वचनांकडे वळू. महात्मा बसवेश्वरांची दोन वचने आपण नित्य ऐकतो. एका वचनात त्यांनी आपल्या देहाचेच वाद्य करावे अशी देवाला प्रार्थना केली आहे. दांडी, भोपळा, तारा असा वाद्याचा एकेक भाग त्यांनी अंगाच्या एकेका भागाशी जोडला आहे. दुसऱ्या वचनात मात्र ताल आणि मात्रा यांचा हिशेब आपल्याला येत नाही अशी उघड कबुली आहे, आणि जसे प्रेम वाटते तसे गाण्याचा निश्चय आहे. वरवर पाहता या दोहोंत विरोध दिसतो. ज्याला देहाचे वाद्य व्हावेसे वाटते त्याला तालाचे ज्ञान नको काय?

संस्कृताच्या पाठशाळेत मी याज्ञवल्क्य स्मृती वाचली, तेव्हा हा विरोध मला अधिकच बोचला. वीणावादनाचे तत्त्व जाणणारा, श्रुती, जाती आणि ताल यांत निपुण असणारा मनुष्य सायासांवाचून मोक्षमार्गाला लागतो, असा त्या स्मृतीचा अभिप्राय आहे. तेथे जाणण्याला महत्त्व आहे. आणि आपले बसवण्णा म्हणतात, मला येत नाही! मग मोक्षमार्ग कोणाला?

पुष्कळ दिवस याचे उत्तर मला सापडले नव्हते. सतार जुळविताना ते सापडले. विचार करा, सतारीला ताल कळतो काय? कळत नाही. मात्रा मोजतो तो वाजविणारा. सतारीचे काम एकच, जुळून राहणे. खुंटी पिळली तर पिळू द्यायची, तार ताणली तर ताणू द्यायची, आणि हात पडेल तेव्हा खरा सूर द्यायचा. बसवण्णांचे अज्ञान हे वाद्याचे अज्ञान आहे. पहिल्या वचनात ते स्वतः वाद्य झाले आणि वादक देव झाला. त्यानंतर हिशेब कोणी ठेवायचा? ज्याच्या हातात वाद्य आहे त्याने. असे पाहिले म्हणजे दोन्ही वचनांत विरोध उरत नाही. स्मृतीने वीणा जाणणाऱ्याची थोरवी सांगितली, शरणाने वीणाच होऊ द्या असे मागितले.

येथे एक सावधगिरी हवी. "आम्हांला ताल कळत नाही, आमची नुसती भक्ती आहे," असे म्हणून कसेही बेसूर गाणारे आपल्यात थोडे नाहीत. बसवण्णांच्या वचनाचा हा गैरवापर आहे. न जुळलेले वाद्य वादकाच्या काय कामाचे? हिशेबाचा अहंकार सोडायचा आहे, जुळण्याचे कष्ट सोडायचे नाहीत. किंबहुना अहंकार सुटल्यावरच ते कष्ट नीट करता येतात, कारण मग चूक झाली तरी लपवावी लागत नाही.

पंडित मल्लिकार्जुन मन्सूर यांचेच पाहा. १९१० साली धारवाडजवळच्या मन्सूर गावी लिंगायत घरात त्यांचा जन्म झाला. मिरजेच्या नीलकंठबुवांकडे त्यांचे शिक्षण झाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या, नाव झाले. त्यानंतर ते मंजीखाँसाहेबांपुढे पुन्हा शिष्य म्हणून बसले. १९३७ साली मंजीखाँ गेले, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू भूर्जीखाँ यांच्यापुढे बसले. वय तरुण होते हे खरे, पण झालेले नाव बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या पाठाला बसणे कोणत्याही वयात कठीणच.

आणि जे वाद्य पोटाच्या धंद्यानंतर हाती आले, त्याचे उदाहरण खुद्द शरणांत आहे. किन्नरी ब्रह्मय्या हे मूळचे सोनार. त्यांचे गाव आंध्र प्रांतातील. सोन्याच्या व्यवहारात मन विटले, तेव्हा तो धंदा सोडून ते कल्याणला आले आणि त्रिपुरांतकेश्वरापुढे किन्नरी वाजविणे हेच त्यांनी कायक केले, त्यातून मिळाले ते जंगमदासोहाला लावले, असे परंपरा सांगते. किन्नरी हे दांडी, पडदे आणि भोपळा असलेले तंतुवाद्य. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. आयुष्यभर कसोटीच्या दगडावर सोने घासून त्याचा कस पाहणारा हात तारेवर आला. शरणांनी त्यांना "आता कशाला?" असे विचारले नाही. उलट ते वाद्यच त्यांच्या नावाला जोडून दिले.

या कथेतच आपल्या प्रश्नाचा निकष आहे. वाद्य मोह केव्हा होते आणि कायक केव्हा होते? ते हातात असताना घरातील आजाऱ्याची हाक ऐकू येईनाशी झाली, दासोहाचा वाटा त्याच्या खर्चात जाऊ लागला, चार महिन्यांत व्यासपीठ हवेसे वाटू लागले, तर तो मोह, मग वय विसाचे असो की सत्तरीचे. पण ते रोज ठरल्या वेळी जुळविले जाते, चुकले तर पुन्हा तेथूनच उचलले जाते, आणि वाजविणाऱ्याला वाजविण्याआधीपेक्षा थोडे मऊ करून उठविते, तर ते कायक. वयाचा संबंध इतकाच, की तरुणाला वादक व्हायचे असते. ते त्याच्या वयाला साजते. उतारवयात वादक होण्याची आशा फारशी उरत नाही, म्हणून वाद्य होण्याची वाट मोकळी होते. परंतु ती वाट चालावी लागते. गर आपोआप निघत नाही, तो कोरून काढावा लागतो.

असो. आजींची गोष्ट अर्धी राहिली. गेल्या श्रावण सोमवारी त्या आल्या. आता ऐंशीच्या जवळ आहेत. मी त्यांना थांबवून म्हणालो, "आजी, पूर्वी मी तुम्हांला पेटी शिकू नका म्हणालो होतो. ते माझे चुकले." आजी क्षणभर गोंधळल्या आणि मग हसू लागल्या. म्हणाल्या, "आप्पाजी, मी तर तेव्हापासूनच शिकते आहे. नातवाला शिकवायला मास्तर येत होते, त्यांच्याकडेच बसले. तुम्ही जप करा म्हणालात. मी जपच करते, पेटीवर करते."

मठातली पेटी मागवली. आजींनी मन्मथस्वामींचे एक पद वाजविले. लय संथ होती. एका जागी बोट चुकले. त्या थांबल्या, मागे गेल्या, तीच ओळ पुन्हा वाजविली. पुन्हा चुकले, पुन्हा मागे गेल्या. तिसऱ्यांदा सूर बरोबर लागला. त्यांनी मान वर करून कोणी पाहते आहे काय हे पाहिले नाही. पद संपल्यावर पेटीला नमस्कार करून भाता लावला आणि प्रसादाला गेल्या. गुरूचे सांगणे त्यांनी मोडले की माझ्यापेक्षा अधिक चांगले पाळले, याचा विचार मी अजून करीत असतो.

तेव्हा गुरुजी, आपण विचारलेल्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे. पेटी घ्या. चांगला शिकविणारा पाहा आणि रोजची वेळ ठरवा. तरुणपणीचा ताल हातात असेलच, त्याचा गर्व मात्र तबल्याबरोबर माळ्यावर राहू द्या. मुले हसली तर हसू द्या, त्यांच्या कानातही षड्ज पडतोच आहे. आणि वाजविताना दार उघडे ठेवा. श्रावणापासून मीही उघडे ठेवतो. सेवेकऱ्यांना माझ्या सगळ्या चुका आता पाठ झाल्या आहेत.

शरणु शरणार्थी.