मोर्चात जाणाऱ्याने शील घरी ठेवावे काय?



नवदीक्षित कुटुंबांत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले. रोज बुद्धवंदना करतो. मग मोर्चे, निवेदने, सह्यांच्या मोहिमा यांत आता पडावे काय? तिथे राग असतो, आरडाओरड असते. त्याने चित्त मलिन होणार नाही काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणेच शोधले पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे, ते आठवा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला. सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने भर सभेत उभे राहून त्याला विरोध केला. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला, तरीही तो डगमगला नाही. त्याने युद्धात जाण्याचे नाकारले आणि परिव्रज्या पत्करली. पुढे त्याला कळले की शाक्यांचे स्त्री-पुरुष, मुले-मुली युद्धाविरुद्ध मिरवणुका काढीत आहेत आणि त्यामुळे संघाला समेटाचा विचार करणे भाग पडले आहे. बाबासाहेबांनी हा प्रसंग उगाच लिहिला असेल काय? अन्यायाविरुद्ध लोकांनी एकत्र येऊन मागणी करणे धम्माला परके नाही, हेच त्यातून दिसते.

काही बांधव म्हणतात, "बुद्धाने उपेक्षा शिकवली. जे होईल ते समभावाने पाहावे." इथे शब्दाने आपला घात केला आहे. मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड. पालीतील उपेक्खा म्हणजे लाभ-हानी, निंदा-स्तुती यांनी न ढळणारे चित्त. मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या जोडीनेच ती सांगितली आहे. शेजाऱ्याचे दुःख पाहून दार लावून घेणाऱ्याचे चित्त समतोल नसते, ते फक्त बधिर झालेले असते. मोर्चात शिव्या ऐकूनही ज्याचा तोल जात नाही, खरी उपेक्खा त्याची.

तेव्हा चळवळीत जावे की नाही, हा प्रश्न नाहीच. जाताना शील बरोबर न्यावे की घरी ठेवावे, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या वस्तीतील एक गोष्ट सांगतो. नळासाठी अर्ज करायचा होता. घरे होती ४१. अर्ज लिहिणाऱ्या तरुणाने लिहिली ६०. म्हणाला, "आकडा मोठा असला की साहेब हलतो." एका वृद्ध उपासिकेने अंगठा द्यायला नकार दिला. "बाळा, मी रोज मुसावादा वेरमणी म्हणते. आधी घरं मोज, मग अंगठा देते." पोरे हसली, पण अर्ज पुन्हा लिहिला गेला. काही दिवसांनी कारकून तपासाला आला आणि त्याने एकेक दार मोजले. ती ४१च भरली. अर्ज खोटा म्हणून फेकायला त्याला निमित्त मिळाले नाही. नळ लगेच आला असे नाही, त्यासाठी दोन उन्हाळे जावे लागले. परंतु त्या दोन वर्षांत आम्हाला कोणी खोटारडे म्हणू शकले नाही.

चांगल्या कामासाठी थोडे खोटे चालते, हा चळवळीतील सर्वांत गोड मोह आहे. दुसरा मोह द्वेषाचा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर, हे लोक आता देवळात शिरणार, अशी अफवा उठवून सनातन्यांनी परिषदेच्या लोकांवर हल्ले केले. आपल्या माणसांच्या हातांत बळ नव्हते असे नाही. तरीही बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरमध्ये हजारो सत्याग्रही पुन्हा जमले, तेव्हा न्यायालयाचा मनाई हुकूम आलेला होता. बाबासाहेबांनी पाणी घेण्याचा सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. मुंबई हायकोर्टाचा निकाल १९३७ साली आपल्या बाजूने लागला. त्यासाठी दहा वर्षे लागली.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले की, घटनात्मक मार्ग मोकळे असताना सत्याग्रह, असहकार यांसारखे मार्गही सोडून द्यावेत. याचा अर्थ घरी बसा, असा काही जण लावतात. पण शांततेने, शस्त्राविना जमण्याचा आणि बोलण्याचा हक्क त्याच घटनेने दिला आहे. तो न वापरणे म्हणजे बाबासाहेबांनी दिलेली शिदोरी न सोडताच उपाशी राहणे होय.

कोणी विचारील, "एवढे करून मला काय मिळेल?" कदाचित काहीच नाही. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला. पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळाल्या १९९० साली. मध्ये ३४ वर्षे गेली. त्या मागणीसाठी रोजी बुडवून चालणाऱ्या कित्येकांची नोकरीची वयेही उलटून गेली होती. फळ नातवंडांनी खाल्ले. आपण दान म्हणतो ते याहून वेगळे काय असते?

म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. जे पाहिले तेवढेच सांगा. कोणाच्या आयाबहिणीचा उद्धार करणारी घोषणा आली तर तोंड मिटा. आणि समतेच्या मोर्चातून परतल्यावर, दिवसभर आपल्याच बरोबर चाललेल्या पत्नीला एकटीला चुलीपुढे बसवू नका. हे जमले, तर मोर्चात आणि वंदनेत अंतर राहणार नाही.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.