प्रेम आणि दृष्टी

निसर्गावर प्रेम असणे हा सद्गुण आहे काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. फुलावर प्रेम करणारा ते खुडतो, पोपटावर प्रेम करणारा त्याला पिंजऱ्यात ठेवतो, आणि वाघाच्या रूपाने मोहित झालेल्या राजेरजवाड्यांनी त्याचे कातडे दिवाणखान्यात अंथरले. या सर्वांचे प्रेम खोटे होते असे म्हणवत नाही. पण जे आवडले ते आपल्या मालकीचे झालेच पाहिजे, हा हट्ट त्यात होता.

प्राण्यांची शिल्पे घडविणारा कलावंत या हट्टातून कसा सुटतो, हे पाहण्याजोगे आहे. अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचेच उदाहरण घ्या. या कोकणी खेड्यातील मुलाची कला ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरच्या नजरेस पडली आणि तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पोहोचला; पुढे लंडनलाही शिकला. पुण्यात १९२८ मध्ये उभारलेला शिवाजी महाराजांचा त्यांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा सर्वपरिचित आहे. पाहणारा महाराजांना वंदन करतो, घोड्याकडे क्वचितच पाहतो. शिल्पकाराला ही सवलत नसते. घोड्याच्या मानेचा ताण चुकला, तर स्वाराचा रुबाबही डळमळतो. याच हातांनी सासवण्याच्या शिल्पालयातील म्हैसही घडविली. म्हशीच्या नावावर ना इतिहास, ना पराक्रम. तरी तिच्या वाट्याला तीच निष्ठा आली. समोरच्याचा दर्जा न पाहता त्याच्याकडे पूर्ण लक्ष देणे, यालाच आम्ही वकील मंडळी न्याय म्हणतो.

ब्राँझच्या ओतकामाची रीतही हेच शिकविते. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात ही कृती आली आहे. मेणाची मूर्ती करावी, तिच्यावर मातीचे लेप द्यावेत, तापवून मेण काढून टाकावे आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतावा. ज्यावर बोटे फिरली, ते मेण उरत नाही. हातचे सोडावे, तेव्हा टिकणारे लाभते.

येथे कोणी विचारील, ब्राँझ टिकले म्हणून प्राणी वाचला काय? नाही. रेम्ब्रांट बुगाटी हा इटालियन शिल्पकार अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात तासन्‌तास बसून एकेका प्राण्याचे शिल्प करी. पहिले महायुद्ध पेटले आणि तेथील अनेक प्राणी मारले गेले. १९१६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याने पॅरिसमध्ये आपले जीवन संपविले. त्याची शिल्पे आजही आहेत. पण ज्यांची ती होती, त्यांना ती वाचवू शकली नाहीत.

वाचविण्याचे काम कायद्याचे आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. १९७६ पासून प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे संविधानाने नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. पण कायदा हात आवरू शकतो, डोळे उघडू शकत नाही. ज्याच्याकडे कधी नीट पाहिलेच नाही, त्याच्याविषयीची दया ही कागदावरची दया होय.

आमच्या विद्यानगरात सिंह येत नाही. खारी आहेत, कावळे आहेत, रस्त्यावरची कुत्री आहेत. मूर्ती घडविणे सर्वांना साधणार नाही. पण मालकीचा विचार बाजूस ठेवून घटकाभर नीट पाहणे, एवढी शिल्पकाराची पहिली पायरी तर आपल्यालाही चढता येईल.